मेपलक्रॉस कॉलेजचा शेवटचा ठसा

अमेरिकेतल्या डेटन शहरात, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून, मेपलक्रॉस करिअर कॉलेज होतं. त्याआधी तिथे गालिचे विकायचे. उन्हाळ्यात फरशी तापली की खालून जुन्या गोंदाचा वास यायचा आणि नव्या पोरी नाक मुरडायच्या. मग ग्लेनिस प्रूइट म्हणायची, "सवय होईल गं बायांनो. उद्या दवाखान्यात काय काय हुंगावं लागेल, कल्पना आहे का?"

ग्लेनिस नोंदी सांभाळायची. एकोणीस वर्षं तिने तेच काम केलं. तिच्या टेबलावर एक काळं लोखंडी ठसायंत्र होतं. गुणपत्रक आत सरकवून दांडा ओढला की कॉलेजचा गोल ठसा कागदावर उठून यायचा. नियमाने दांडा तिनेच ओढायचा. पण नियम गेला खड्ड्यात! ज्याचा अभ्यासक्रम पुरा झाला त्यानेच तो ओढायचा, हा ग्लेनिसचा कायदा. "दोन्ही हातांनी. आणि श्वास धरून," ती बजावायची. श्वासाचा आणि ठशाचा काय संबंध, देव जाणे. पण ट्रक चालवणारे दांडगे गडी, तीन-तीन लेकरांच्या आया, एकदा तर सत्तरीची एक आजीबाई, सगळे शहाण्यासारखे श्वास धरायचे. खट् झालं की आख्खं ऑफिस टाळ्या पिटायचं, कुणी घरून आणलेली चीज-मॅकरोनी कागदी ताटल्यांत वाढायचं. काय दिवस होते ते!

मालक दूर फ्लोरिडात, त्याला नफ्याशी मतलब. ते ग्लेनिसलाही ठाऊक होतं, ती काही खुळी नव्हती. पण दारावर 'मान्यताप्राप्त' असा निळा स्टिकर होता आणि त्याच्यावर तिचा देवावर असावा तसा विश्वास. मान्यता म्हणजे मान्यता, त्यात आणखी काय बघायचं? "इथे पास केलेल्या विषयांची क्रेडिटं पुढे कुठेही चालतात," असं ती प्रत्येकाला छातीठोकपणे सांगायची.

यव्हेट गेन्सलाही तिने हेच सांगितलं होतं. यव्हेट इथे तपासणीसाठी रक्त काढायला शिकली, मोठ्या दवाखान्यात लागली. मग नर्स व्हावं म्हणून सरकारी कॉलेजात गेली. तिथल्या माणसाने गुणपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि सांगितलं, "बाई, तुमच्या कॉलेजची मान्यता आमच्याकडे चालत नाही. पहिल्यापासून सुरुवात करा." यव्हेट तशीच तडक ग्लेनिसपुढे येऊन उभी राहिली होती. "मिस ग्लेनिस, तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलंत." ग्लेनिसच्या पायाखालची जमीन सरकली. तिने मुद्दाम फसवलं नव्हतं हो, तिला खरंच माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून ते वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही. यव्हेट वर्षभर बोलली नाही, मग एका नाताळात स्वतःच केक घेऊन आली.

आणि मार्चमध्ये बातमी आली. मान्यता देणाऱ्या संस्थेनेच हात काढून घेतला होता. एकतीस मेनंतर मेपलक्रॉसची पदवी म्हणजे नुसता कागद. त्याआधी जे पूर्ण करतील त्यांचंच खरं.

आता खरी गोष्ट सांगतो. ग्लेनिस स्वतःही तिथली विद्यार्थिनी होती. कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना एका सत्रात एक विषय फुकट शिकता यायचा. नवऱ्याच्या आजारपणात खंड पडला, तरी अकरा वर्षं एकेक विषय करत ती दोन वर्षांच्या पदवीच्या तोंडाशी आली होती. घराण्यात कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. एकच विषय उरला होता, शरीररचना. आणि तो शिकवणारे बॉइड सर परीक्षेच्या दोन आठवडे आधी दुसरी नोकरी धरून निघून गेले! जहाज बुडताना त्यांना तरी काय बोलणार? परीक्षा घ्यायला माणूसच उरला नाही.

एकतीस मेला ऑफिसात ग्लेनिस एकटी होती. सोमवारी राज्य सरकारचे लोक नोंदींची खोकी आणि ठसायंत्र न्यायला येणार होते. यव्हेट मदतीला आली. दोघींनी मिळून उरलेल्या तीनशे बारा मुलांची गुणपत्रकं छापली, ठसे मारले, पाकिटात घातली.

"आता तुमचं," यव्हेट म्हणाली.

"माझं कुठलं? शरीररचना राहिलीये."

"मग भरा की गुण. नोंदी तुमच्याच हातात आहेत. दोनशे सहा हाडं तुम्हाला पाठ आहेत, तुम्हाला विचारताना मीच चुकायचे. कोण बघायला येतंय?"

ग्लेनिसने खरंच संगणकावर आपलं नाव उघडलं. शेवटच्या ओळीतला चौकोन मोकळा होता. श्रेणीचं एक अक्षर टाकायचं, बस. घरी भिंतीवर तिने चौकट लावून ठेवली होती, आतला कागद तेवढा यायचा होता.

"एकदा तुला खोटं सांगितलं, ते न कळत," ती म्हणाली. "आता कळून सांगू? मी आज खोटा ठसा मारला तर त्या तीनशे बारा पोरांच्या ठशांना कोण विचारील? तुझ्या ठशालासुद्धा?"



ग्लेनिसने चौकोनात 'अपूर्ण' असं टाकलं आणि गुणपत्रक छापलं. यव्हेटने ते तिच्या हातातून घेतलं, ठसायंत्रात नीट सरकवलं आणि यंत्र तिच्यापुढे केलं.

"अगं, हे काय करतेस? पूर्ण झालेल्यांनी ओढायचा असतो तो."

"एकोणीस विषय पास झालात ना? ते कुणी केले, मी? ओढा, मिस ग्लेनिस. दोन्ही हातांनी. आणि श्वास धरून."

ग्लेनिसने श्वास धरला. खट् झालं. ऑफिसात टाळ्या वाजवायला एकटी यव्हेट होती, ती मात्र तळहात लाल होईस्तोवर वाजवत राहिली. ग्लेनिस खुर्चीत बसली आणि लहान पोरीसारखी रडली. "मला पुरं करायचं होतं गं," ती म्हणाली, "एवढंच पुरं करायचं होतं."

तो कागद आता तिच्या भिंतीवरच्या चौकटीत आहे, 'अपूर्ण' सकट.