उघड्या दाराची पेटी

मुलगा न मागता काही द्यायला लागला की मला आधी संशय येतो. मी नागपूरहून इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला आले, तेव्हापासून निखिलने माझ्यासाठी मऊ चपला आणल्या, चार दुकानं पालथी घालून तूरडाळ शोधली, मराठी मंडळातल्या बायकांशी गाठ घालून दिली. आणि आता म्हणे गेंडे बघायला चल!

"आज एवढं काय काढलंस रे?"

"आई, जस्ट अ डे आउट! तू ना, प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधतेस."

शोधतेच. गृहपाठाची वही घरी विसरली म्हणणारे चेहरे ओळखण्यात माझा जन्म गेला आहे.

मोटरवे सुटला आणि दोन्ही बाजूंना ओली हिरवी कुरणं लागली. ले-बायला (रस्त्याकडेच्या थांब्याला) गाडी लावून थालीपीठ खाल्लं. वाऱ्याने लोणच्याची डबी माझ्या कोटावर उपडी केली. एरवी गाडीत चुरा सांडला तरी कटकट करणारा निखिल न चिडता पुसत बसला. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

प्राण्यांच्या पार्कच्या दाराशी मोठी पाटी होती: आमच्याकडे काळ्या गेंड्याची पिल्लं जन्मतात. स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं यश मला पचत नाही. आफ्रिकेतलं जनावर, तिथेही थोडंच उरलेलं, ते या गारठ्यात काय वाढणार? पण खरंच, मादीच्या पोटाला चिकटून पिल्लू उभं होतं. इवलंसं, चिखलाने माखलेलं. मी हरखून गेले, खोटं कशाला बोलू?

तिचा थोरला मुलगा शेजारच्या आवारात होता, चांगला दांडगा. तिथे एक भलीमोठी लोखंडी पेटी ठेवलेली, दार सताड उघडं. कीपरबाई (जनावरांची देखभाल करणारी) पेटीत कोवळ्या फांद्या टाकत होती. गेंडा आत जाई, खाई, सावकाश बाहेर येई. मला त्यातही काहीतरी काळंबेरं दिसलं.

"हे कशाला?" मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

"सवय व्हावी म्हणून," ती म्हणाली. "रोज आत आवडीचं खायला देतो. म्हणजे एक दिवस दार लागलं तरी तो घाबरणार नाही."

"आणि मग?"

"मग आफ्रिका. तिथल्या राखीव जंगलात. तिथे त्याला पिल्लं झाली की आमचं काम झालं."

निखिल एकदम मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला. मी मनात मोजलं: चपला, डाळ, मंडळ.

"निखिल, दोन वर्षांत परततो म्हणून आला होतास. आता येणार नाहीस ना?"

"आई, इथे नको ना. घरी बोलू."

"इथेच."

त्याने मोबाइल खिशात टाकला. "ब्रिटिश पासपोर्टसाठी अप्लाय केलंय. आपला इंडियन परत द्यावा लागेल. तुला एकदम शॉक नको, म्हणून स्लोली सांगणार होतो."

"म्हणजे मला सवय लावत होतास."

"हो," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

मला राग आला आणि रडूही आलं. कीपरबाईला वाटलं, मी गेंड्यासाठीच रडते आहे. तिने टिश्यू पुढे केला. "आम्हीही रडतो," ती म्हणाली. "पण त्याचं घर तिकडेच ना."

निखिलने ते ऐकलं.

मी नागपूरला परतले, तेव्हा विमानतळावर धाकटा भाऊ घ्यायला आला होता. बॅग उचलता उचलता त्याने विचारलं, "निखिल कधी परततोय, ताई?"

"नाही येणार तो," मी म्हटलं. सवय लावत बसले नाही.