अंग धरलं

लग्नानंतर आठवड्याभरात मी पाडा सोडला. आमचा पाडा पेठच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बराच वर, चढणीवर. आई माझं गाठोडं डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत उतरली. त्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणि खुरासणीची चटणी. एसटी दिसली तसं तिनं माझं मनगट दोन बोटांत धरलं. "नुसती काडी झालीस. शेरात जा नि जरा अंग धर," म्हणाली. ती रडली नाही. मीच रडले, सावळघाट संपेपर्यंत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा सातपूरला कंपनीत, आणि कॉलनीत आमची एक खोली. नळ चक्क घरात! डोक्यावरचा हंडा सुटला, सरपण सुटलं, गिरणी कोपऱ्यावरच. पाड्यावर दिवसभर राबणारं अंग इथं ओट्यापाशी उभं राहिलं, नाहीतर टीव्हीसमोर बसलं. शेजारणी गव्हाच्या मऊ घडीच्या पोळ्या करायच्या, तेव्हा नागलीची काळी भाकरी आपोआप मागं पडली. चहाबरोबर खारी, रविवारी मिसळ, नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली की त्याच्यासाठी थांबून उशिरा जेवण. आणि गोड चहा किती वेळा, ते विचारूच नका.

अंग धरलं. आईचं ऐकलं म्हणायचं! दिवाळीला गेले की ती आधी मनगट चाचपायची, मग आजूबाजूच्या बायांना हाक मारून दाखवायची, "बघा, आता दिसती शेरातली." वर पाड्यावर राहिलेल्यांना सांगायला नको, आमच्याकडं जाड होणं म्हणजे सुखात असणं. तिचा चेहरा असा फुलायचा की चढताना लागलेली धाप मी विसरून जायचे.

दोन हजार साल उलटल्यावर आम्ही गंगापूर रोडला लहानसा फ्लॅट घेतला. तिथं एका सकाळी माझी बोटं मिटेनात. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, गुडघे सुजून हाताला गरम लागत होते. शेजारणीला म्हणाले, "अहो, अंग धरलंय माझं," आणि बोलता बोलताच फाट्यावरची आई आठवली. शब्द तोच होता. आईनं एका अर्थानं दिला, माझ्या पदरात दुसऱ्याच अर्थानं पडला.

डॉक्टर म्हणाले, सांध्यांना आतून सूज आहे, गोळ्या चालू ठेवाव्या लागतील, आणि वजन उतरवा, नाहीतर गुडघे लवकर जातील.

मग सुरू झाली धडपड. कुणी सांगितलं उपास करा. केले, आणि साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याचे वेफर्स हाणून आणखी फुगले. धन्य माझी! लिंबू-मध झालं, कडू काढे झाले. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून जॉगिंग ट्रॅकवर इरेला पेटून चालले, तर गुडघा टम्म सुजला आणि मी पलंगावर.

पण खरं दुःख ते नव्हतं. मला पाड्याची चढण जमेना. मी गेले की आईच फाट्यावर उतरून यायची. एसटीच्या शेडमध्ये बसून आम्ही बोलायचो, आणि मग ती एकटी वर जायची, मी खालून बघत राहायचे. एकदा निघताना ती म्हणाली, "पुढल्या साली मला उतरवायचं नाय गं पोरी." ती उतरू शकणार नव्हती, मी चढू शकत नव्हते.

डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं. त्यांनी आधी मलाच झापलं, "शर्यत लागलीय का कुठं?" पलंगावर पडून पाय उचलायचे, सपाट रस्त्यावर थोडंच चालायचं, सूज दिसली की थांबायचं. खाण्याचंही त्यांनीच बसवून दिलं. ताटात आधी भाजी नि उसळ, बेकरीचं आणि तळलेलं बंद, चहातली साखर बंद. पोळीऐवजी कधी ज्वारी, कधी आपली नागली. नागलीनं मी बरी झाले असं मात्र कुणी समजू नका. सूज उतरवली गोळ्यांनी. बाकीच्यानं वजन घटलं आणि गुडघ्यांवरचा भार हलका झाला. कंटाळा यायचा, रडू यायचं. पण उसळ गिळताना डोळ्यांसमोर ती चढणच असायची.

शेवटी एका माघात मी चढले. थांबत, बसत, नवऱ्याचा हात धरत, पण चढले. आई दारातच होती. तिनं पुढं होऊन मनगट धरलं आणि तिचा चेहरा पडला. "मेले, तुला कुणी खायला घालत नाय का?" जावयाकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. आजार झाला होता, वजन मुद्दाम उतरवलं, हे तिला काही केल्या पटेना. माझं सुख आटलं एवढंच तिला दिसत होतं.

मी चुलीपाशी उकिडवी बसले, नागलीचं पीठ मळलं आणि हातावर भाकरी थापू लागले. आईनं माझ्या बोटांकडं, मुडपलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अंग मोकळं झालं गं तुझं." आणि जावयासमोर ताट सरकवलं.

आई आता नाही. पाड्यावर भाऊ राहतो. मी येणार म्हटलं की तो म्हणतो, "ताई, फाट्यावर मोटारसायकल घेऊन येतो, कशाला जीव काढतेस?" मी नको म्हणते. रोज सकाळी गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये पाय उचलताना मी दुसरं काय करते? त्या चढणीचीच तयारी. जोवर पाय चढतायत, तोवर मला माहेर आहे.