‘विचार करते,’ म्हणाल्या कुराउचीबाई

हाताकेयामा शिगेनोरीचं सगळं आयुष्य संरक्षण खात्यात गेलं, पण बंदूक त्याने एकदाही हातात धरली नव्हती. त्या खात्यात माणसांच्या दोनच जाती, गणवेशवाले आणि सूटवाले. गणवेशवाले जहाजं चालवायचे, विमानं उडवायचे. सूटवाले त्यांच्या शेजारी बसून ‘हे कायद्यात बसतं का?’ एवढं विचारायचे. शिगेनोरी सूटवाला. चढत चढत विभागप्रमुख झालेला, पोट जरा सुटलेला, चष्मा सारखा नाकावर घसरणारा.

“हाताकेयामा-सान, तुम्ही ‘पण’ म्हणतच जन्माला आलात का हो?” जनरल मुरोझोनो त्याला भर बैठकीत चिडवायचे.

“जनरल, तुम्ही मंत्र्यांना ‘हो’ म्हणायला लावणार. त्याआधी ‘पण’ म्हणायला एखादा पगारी माणूस नको?” हा शांतपणे म्हणायचा, आणि मुरोझोनो गडगडाटी हसायचे.

थट्टा खरी, पण कामही तेच. समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याने क्षेपणास्त्र उडवलं की काय करायचं ते जनरल सांगायचे, आणि हुकूम द्यायचा लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांनी. त्या दोघांच्या मधे एक खुर्ची होती. तिच्यावरच्या सूटवाल्याने मंत्र्यांच्या कानात सांगायचं की इथपर्यंत जाता येतं, इथून पुढे संसदेला विचारावं लागेल. ती खुर्ची रिकामी राहिली तर मंत्र्यांना एकच बाजू ऐकू येणार. म्हणून ती रिकामी ठेवायची नाही. शिगेनोरी किंवा त्याच्या उपप्रमुख कुराउचीबाई, दोघांपैकी एकाने सदैव टोकियोत, मंत्रालयापासून अर्ध्या तासाच्या आत असलंच पाहिजे. सुट्ट्यांच्या पाळ्या दोघांनी आपसांत ठरवायच्या आणि नियंत्रण कक्षाला कळवायच्या.

या पदावर आल्यापासून त्याचं मासेमारीला जाणं सुटलं, गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाणं सुटलं. “तुमच्या गळ्यात दावं आहे आणि खुंटा मंत्रालयात,” बायको फुमिए म्हणायची. गावही सुटलं. गाव म्हणजे उत्तरेला आकितातलं योकोते. तिथे त्याची म्हातारी आई आणि थोरली बहीण सेत्सुको असायच्या. आई अजूनही थंडीत मुळे धुरावर टांगून त्यांचं लोणचं घालायची आणि लेकाला डबा पाठवायची. डब्यातलं लोणचं कापलं की अख्ख्या सरकारी इमारतीत धुराचा वास सुटायचा.

“तू टोकियो राख हो, पोरा,” ती फोनवर म्हणायची. “योकोतेवर कोण चालून येतंय? इथे फक्त अस्वलं येतात, आणि त्यांना मी बघून घेते.”

त्या वर्षी ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीच्या तोंडावर सेत्सुकोचा फोन आला. आईच्या छातीत कफ भरला होता, इस्पितळात ठेवलं होतं.

“डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या,” ताई म्हणाली. “ती सारखी दाराकडे बघते, शिगे.”

ओबोनला टोकियोत थांबायची पाळी शिगेनोरीचीच होती, शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत. दरवर्षी तोच घ्यायचा. कुराउचीबाईंची पोरं लहान, सासर थेट दक्षिणेला कागोशिमाला. विमानाची तिकिटं त्यांनी केव्हाच काढून ठेवली होती.

आता साध्या माणसाने काय केलं असतं? बाईंच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं असतं, माझी आई मरणाला टेकली आहे, मला गावी जायचं आहे, माझी पाळी घ्या. पण शिगेनोरीला ते जमणारं नव्हतं. साहेबाने असं तोंडावर मागितलं तर हाताखालच्या बाईला ‘नाही’ म्हणायला जागा उरत नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडे मागू नये, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणून गुरुवारी तो लिफ्टपाशी घुटमळला आणि बाई आल्यावर छताकडे बघत म्हणाला,

“या सुट्टीत तुमचं कागोशिमाला जायचं पक्कंच असेल, नाही का? नाही, आमच्या गावाकडे आईचं जरा... म्हणजे वय झालं आता.”

कुराउचीबाई थबकल्या. “मुलं तर बॅगा भरून बसलीत,” त्या म्हणाल्या. मग लिफ्टचं बटण दाबत, “पण विचार करते.”

“छे छे, तशी काही घाई नाही!” शिगेनोरी म्हणाला, आणि लिफ्ट आली.

इथे त्या खात्याची भाषा ठाऊक हवी. संसदेत विरोधक मंत्र्यांना प्रश्न विचारत, आणि त्यांची उत्तरं शिगेनोरीसारखी माणसं लिहून देत. त्या उत्तरांत ‘सरकार यावर विचार करील’ असं आलं की समजायचं, विषयाला मूठमाती मिळाली. ‘सकारात्मक विचार करील’ म्हणजे मूठमाती, वर दोन फुलं. हे शिगेनोरी नव्या पोरांना स्वतः शिकवायचा आणि शिकवताना हसायचा. तेव्हा ‘विचार करते’चा अर्थ त्याने डोळे मिटून लावला. बाई नाही म्हणाल्या. गोड शब्दांत म्हणाल्या, त्यांचा राग येण्याचं कारण नव्हतं. उलट आपण विचारलंच का, याचीच त्याला लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी बाई पर्स घेऊन त्याच्या दारात आल्या आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वाकल्या.

“सांभाळून जा हं, साहेब. इकडची काही काळजी करू नका.”

“तुम्हीही सांभाळून जा,” तो म्हणाला. सुट्टीआधी सगळे सगळ्यांना हेच म्हणतात.

घरी फुमिएने कपाळाला हात लावला. “अहो, सरळ विचारायचं ना!”

“विचारलं की.”

“तुम्ही काय विचारलंत ते मला माहीत आहे. तुम्ही मला लग्नाचंसुद्धा असंच विचारलं होतंत. ‘तुमच्या आईला बर्फ सोसतो का?’ म्हणे! महिनाभर माझ्या आईला वाटत होतं, तुम्ही गरम कपडे विकता.”

एरवी तो हसला असता.

शनिवारी दोन फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले होते, डावीकडे सरकारी, उजवीकडे घरचा. कुठलाही वाजला तरी धडकीच भरणार होती. सरकारी वाजला तर देशाचं काही बिनसलं, घरचा वाजला तर आईचं. तो उठायचा, खिडकीशी जायचा, पुन्हा येऊन बसायचा. फुमिएने गार शेवया पुढे ठेवल्या, त्या तशाच सुकल्या. दुपारी घरचा वाजला तेव्हा हातातून निसटून तो टेबलाखाली गेला, आणि देशाच्या संरक्षणाचा एक वरिष्ठ अधिकारी चार पायांवर रांगत त्याला शोधू लागला.

“येतोयस ना?” ताईने विचारलं.

“पाळी आहे, ताई. सोमवारी सकाळी सुटतो. पहिल्या गाडीने येतो.”

ताईच्या मागे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं.

“सोमवार लांब आहे, शिगे,” ती शेवटी म्हणाली.

“फोन तिच्या कानाला लाव ना जरा.”

ताईने लावला. त्याला नुसता श्वास ऐकू आला, ओढून घेतलेला, मधेच अडणारा. “आई, शिगे बोलतोय,” तो म्हणाला. “जेवलीस का?” आणि लगेच त्याला स्वतःचीच चीड आली. नळ्या लावलेल्या बाईला विचारायची ही गोष्ट होती? फुमिए पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होती.

“तुम्ही जा,” ती नंतर म्हणाली. “मी सांगते, पाय मुरगळला म्हणून. काय फाशी देणार आहेत?”

“आणि तेवढ्यात काही झालं तर?”

“काही होत नाही हो.”

“मी गेलो की होईल,” तो म्हणाला. असं त्याला खरोखरच वाटत होतं. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

रविवारी सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. डावीकडचा. समुद्रापलीकडून काहीतरी उडालं होतं; असा इशारा पाळी असो वा नसो, सगळ्याच वरिष्ठांना जायचा. तोंडावरचा फेस अर्धा पुसून, सूट चढवून तो धावला. खरं सांगायचं तर धावताना त्याला किंचित बरंसुद्धा वाटलं. थांबलो ते फुकट गेलं नाही, आईला निदान हे सांगता येईल.

धापा टाकत तो तळघरातल्या नियंत्रण कक्षात शिरला. मोठ्या टेबलाशी मंत्री होते, त्यांच्या उजव्या हाताला जनरल मुरोझोनो. आणि मधल्या खुर्चीवर कुराउचीबाई बसल्या होत्या. कागद नीट लावलेले, पेन उघडलेलं.

बाईंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “साहेब? तुम्ही इथे कसे?”

शिगेनोरीने घसरलेला चष्मा वर सरकवला.

“आज दोन दोन ‘पण’?” मुरोझोनो पुटपुटले, पण कुणाला हसण्याची फुरसत नव्हती. पडद्यावर एक रेघ समुद्रावरून सरकत होती. मंत्री विचारत होते, पाडायचा हुकूम द्यायचा का? बाई ठाम आवाजात सांगत होत्या की आपल्या भूमीवर पडणार असेल तरच, आणि मार्ग अजून तसा दिसत नाही. जनरलनी मान डोलावली. बाई एकही शब्द चुकल्या नाहीत. शिगेनोरी भिंतीला टेकून उभा होता, गालावर फेस सुकत होता. दोन दिवस ज्या खुर्चीसाठी तो आईपासून लांब बसला होता, ती खुर्ची दोन्ही दिवस भरलेलीच होती.

ती वस्तू दूर समुद्रात पडली. कुणाला काही झालं नाही. मंत्री पत्रकारांना भेटायला गेले, आणि कुराउचीबाईंनी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“साहेब, मी तर समजले तुम्ही परवाच गेलात! गुरुवारी मी म्हटलं ना, विचार करते?”

“म्हणजे... तुम्ही...”

“मी खरंच विचार केला हो!” बाईंचा आवाज फाटला. “घरी जाऊन नवऱ्याशी बोलले. तो मुलांना घेऊन कागोशिमाला गेला. मी कक्षाला कळवलं की पाळी माझी आहे. तुम्हाला सांगितलं, सांभाळून जा, काळजी करू नका. फोन करणार होते, पण म्हटलं, आईच्या उशाशी बसले असाल, तिथे कचेरीचा फोन कशाला? आई कशा आहेत?”

“जरा...” त्याने सुरुवात केली. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. “शेवटचं आहे,” तो म्हणाला.

“मग उभे काय राहिलात? जा!” बाई ओरडल्या. साहेबावर त्या पहिल्यांदाच ओरडत होत्या.

आकिताची गाडी ओबोनच्या गर्दीने ओसंडत होती. उभ्याचं तिकीट मिळालं. दोन डब्यांच्या मधल्या जागेत, बॅगांना खेटून, शौचालयाच्या दाराशी तो उभा राहिला. एक म्हातारा त्याच्या गालाकडे बघत होता. त्याने हात फिरवला आणि सुकलेला फेस पांढऱ्या कपच्यांसारखा निघाला. फुमिएला तो स्टेशनवरून कळवून निघाला होता. ताईला “येतोय, निघालो,” म्हणाला तेव्हा ताई रडली होती. “सांगते तिला. कानात सांगते,” म्हणाली होती.

सेंदाई गेलं. कुराउचीबाईंना दोष द्यावा असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी साधं, सरळ माणसाचं बोलणं केलं होतं. ज्याला साध्या बोलण्यातही नकार ऐकू येतो त्याचा इलाज कुणी करायचा? त्याने मनातल्या मनात आईशी बोलायची वाक्यं जुळवली. थांब. मी आलो. माझी चूक झाली. एकाही वाक्यात ‘जरा’ येऊ द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.

मोरिओकानंतर गाडी डोंगरात शिरली आणि सावकाश झाली. एकेरी रूळ, एकामागून एक बोगदे. फोनवरच्या रेघा यायच्या, जायच्या. एका बोगद्यातून बाहेर पडताना फोन हातात थरथरला. उजवीकडचा, घरचा.

“कुठवर आलास?” ताईने विचारलं.

“ताझावा तळं येईल आता. ताई, ती...”

“बरं. हे बघ, आता तू घाई नको करूस. ओमागारीला उतरलास की काहीतरी खाऊन घे. टॅक्सीने धावतपळत नको येऊस, पॅसेंजर मिळेल. सावकाश ये.”

झाडं खिडकीला घासून जात होती. ताईच्या एकाही शब्दात वाईट असं काही नव्हतं. भावाने जेवून घ्यावं, दमू नये, एवढंच तर ती म्हणत होती.

“ताई,” तो म्हणाला, “सरळ सांग.”

“अरे, सांगतेय ना, सावकाश—”

“सरळ सांग, ताई!” तो इतक्या मोठ्याने बोलला की म्हाताऱ्याने मान खाली घातली. “एकदा तरी कुणीतरी मला सरळ सांगा!”

वळणावर खिडकीतून पुढचा बोगदा दिसला.

“गेली रे,” ताई म्हणाली. “आई गेली, शिगे. तू येतोयस हे कानात सांगायला मी वाकले, तेव्हा ती गेलेलीच होती.”