इसाक पिंजाऱ्याच्या राजाची उडी

आष्टीचा इसाक पिंजारी दिवसभर कापूस पिंजायचा आणि अंगावरचा कापूस न झटकताच बुद्धिबळाला बसायचा. खेळ पक्का, पण दसऱ्यानंतरच्या चढाओढीत तो सलग आठ वर्षं शेवटचा डाव हरला होता. हरवणारा एकच, मोहनराव देशमुख. १९२१ साली घरातून निघताना बायको रहेमतबीनं बजावलं, "औंदा हरून आलात तर पट चुलीत घालीन." रहेमतबी बोललेलं करायची.

शेवटचा डाव चावडीच्या ओसरीवर लागला. दुपारपर्यंत इसाकचे दोन्ही उंट गेले. मोहनरावांना वजिरानं एका खेळीत मात करता येत होती. पण वजिराची मात कुणीही करतं. प्याद्यानं मात करणाऱ्याचं नाव गावभर होतं.

"इसाक, आज तुला प्याद्यानं मारतो."

"मारा की मालक. वजीर दमला असंल."

लोक हसले. मोहनरावांनी वजिराला हात न लावता प्यादं पुढे सरकवलं. आता पुढच्या खेळीला मात ठरलेली.

देशी खेळात एक मुभा असते. डावात एकदाही शह न बसलेला राजा एक वेळ घोड्यासारखी उडी मारू शकतो. प्याद्याच्या हौसेपायी मोहनरावांनी त्या दिवशी शह दिलाच नव्हता. इसाकनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाजूला ठेवला. राजामागे त्याचा हत्ती उभा होता. हत्तीची वाट थेट मोहनरावांच्या राजापर्यंत मोकळी झाली.

"शह."

मोहनरावांच्या राजाच्या आजूबाजूला त्यांचीच मोहरी दाटलेली. आडवं घालायला एकही पोचेना. मात झाली होती.

"बे, ही उडी आठ वर्सं कुठं ठेवलीवती?"

"तुमी सुरवातीलाच शह देऊन मोडायचात, मालक."

मोहनराव एवढ्यानं हसले, की ओसरीवरची कबुतरं उडाली. बक्षिसाचा फेटा त्यांनीच इसाकला बांधला आणि हलगी लावून त्याला घरी आणलं.

रहेमतबी दारातच होती. "आणा पट."

"जिंकलो."

"मोहनराव आजारी हायत का?"

"न्हाई भाभी," मोहनराव मागून म्हणाले, "धडधाकट हरलो."

तिनं सगळ्यांना बसवलं, गुळाचा चहा केला आणि ती उडी दाखवायला सांगितली. इसाकनं चार वेळा दाखवली. पाचव्यांदा मोहनरावांना राहवेना. त्यांनी मोहरी मांडली. तो डाव इसाक अर्ध्या तासात हरला.

"ह्यो डाव धरायचा न्हाई," रहेमतबी म्हणाली आणि पट स्वतः उचलून फळीवर ठेवला.