गुरुबसप्पा मास्तरांचं स्पॅनिश पत्र

गुरुबसप्पा मास्तरांची मातृभाषा कन्नड; सोलापुरातल्या शाळेत ते मराठी शिकवत. पन्नाशीत आणखी एक भाषा शिकायचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण १९२७ साली तोमास नावाचे स्पॅनिश पाद्री मराठी शिकायला त्यांच्याकडे येऊ लागले आणि बदल्यात स्पॅनिश शिकवू लागले.

वर्षभरात धडे मनाईपर्यंत आले.

"मराठीत 'नकोस' जोडलं की झालं," पाद्री म्हणाले. "आमच्यात शेवटचा स्वर फिरतो. बोलणे, हाब्लार. बोलू नकोस, नो हाब्लेस. 'आर'वाल्याला 'ए'. खाणे, कोमेर. खाऊ नकोस, नो कोमास. 'एर', 'ईर'वाल्यांना 'आ'."

"आणि मानानं सांगायचं तर?"

"शेवटचा 'स' गाळा. नो हाब्ले."

"आमच्या 'नकोस'चाही 'स' जातोच की!" मास्तर हसले.

त्यानंतर आठवड्यातच पाद्रींना विषमज्वरानं गाठलं. तापाच्या भरात मराठी, इंग्रजी सगळं पुसून गेलं. डॉक्टरांनी उठायला सक्त मना केलं होतं. पण कुणाचं बोलणं त्यांना कळेना, ते सारखे दाराकडे धावत. मास्तरांना बोलावणं आलं.

"नो ते लेवांतास," मास्तर घाईत म्हणाले. पण याचा अर्थ झाला, तू उठत नाहीस. पाद्री तर उठतच होते. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नो ते लेवांतेस, तोमास."

उठू नकोस. पाद्री थबकले, त्यांच्याकडे बघत राहिले आणि निमूट आडवे झाले.

तीन दिवस मास्तर उशाशी बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी पाद्री गेले.

त्यांच्या बहिणीला चर्चचं रीतसर पत्र जाणारच होतं. तरी मास्तरांना चैन पडेना.

"शेवटाला तुमी हुता की जवळ. तुमीच लिवा," त्यांची बायको ईरम्मा म्हणाली.

"मला भूतकाळ येत नाही गं. काय झालं ते कसं सांगू?"

"येतंय तेवढं लिवा."

येत होती ती मनाई. मास्तरांनी लिहिलं: नो ल्योरेस, रडू नकोस. नो एस्पेरेस कार्तास, पत्रांची वाट बघू नकोस. नो तेमास, भिऊ नकोस. परक्या बाईला एकेरी लिहावं का, म्हणून लेखणी अडली. पण 'स' गाळायला हात धजेना. शेवटी क्रियापदावाचून एवढंच लिहिलं: यो, कोन तोमास. मी, तोमासजवळ.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पाद्रींच्या शब्दकोशातून मास्तर आठ दिवस एकेक शब्द लावत बसले. बहिणीनं विचारलं होतं, त्यानं शेवटी काय खाल्लं? कुणाचं नाव घेतलं? त्याचे डोळे कुणी मिटले?

मास्तरांनी पाद्रींचं व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि भूतकाळाचा धडा उघडला.