मोजणीत एक कमी

प्रदर्शनाचे स्टॉल उभे राहत असताना ती सभागृहात शिरली, की लोक आपोआप खोकी मागे ओढायला लागत. "जागा सोडा, जागा सोडा," हे तिचं पालुपद. त्यावरून तिचं नाव जागाताई पडलं. नेमणुकीच्या कागदावर 'आग प्रतिबंध समन्वयक' असं भारदस्त पद होतं, पण ते कोणाच्या तोंडात बसलं नाही.

तीन सभागृहं, सव्वीस दारं. प्रत्येक प्रदर्शनाच्या आधी ती सव्वीसही दारं स्वतः उघडून बघायची, आणि तीही हाताने नाही, कमरेने धक्का देऊन. "गर्दीचे हात मोकळे नसतात," ती नव्या सुरक्षारक्षकांना सांगायची. "एका हातात पिशवी, दुसऱ्यात पोर. दार अंगाने उघडलं पाहिजे." पडद्याच्या कापडाचा बोटभर तुकडा कापून मागच्या अंगणात लायटरवर धरायची. एकदा एक सजावटवाला कुरकुरला, "ताई, न जळणारं कापड आहे. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

"आग सर्टिफिकेट वाचत नाही. कापड द्या."

तिचा नवरा त्याच इमारतीत सुतार होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, आणि कामावर तीही मिस्त्रीच म्हणायची. तो तिला मॅडम म्हणायचा. परांचीवर चढून पाट्या टांगणं, लाकडी चौकटी बसवणं, हे त्याचं काम, आणि उंचीवर त्याचा जीव रमायचा. बावीस वर्षं दोघं एका छताखाली काम करत होते आणि त्यांची जुगलबंदी ऐकायला कामगार हातातलं काम थांबवत.

"मिस्त्री, तुमचा बोर्ड दाराच्या पाटीवर येतोय."

"मग पाटीला सांगा ना मॅडम, जरा सरक म्हणून."

बोर्ड सरकायचा, हे सांगायला नको.

घरी मात्र दोनेक वर्षांपासून ही जुगलबंदी आटत चालली होती. ती स्वयंपाकघरातून चार वाक्यं बोलली, तर बाहेरून एखादं "हं" यायचं. कधी तेही नाही. गॅस संपलाय म्हणून सांगितलं तरी हं, मुलीचा फोन आला होता म्हटलं तरी हं. तिने बहिणीकडे गाऱ्हाणं केलं. बहीण म्हणाली, "अगं, या वयात सगळ्यांचे तसेच होतात. आमच्या यांना तर मी घरात आहे हेच जेवायच्या वेळी कळतं." दोघी हसल्या. जागाताईने विषय सोडून दिला, पण मनात एक अढी बसली ती बसलीच.

दर तीन महिन्यांनी ती सराव घ्यायची. कोणालाही आगाऊ न सांगता भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी काम टाकून वाहनतळावरच्या पांढऱ्या रेषेपाशी जायचं. सकाळी कामावर येताना प्रत्येकाने फाटकावरच्या फळीवर आपला नंबराचा बिल्ला अडकवलेला असायचा. रक्षक ती फळीच उचलून आणायचा आणि एकेक नंबर पुकारायचा. तीन मिनिटांत जो रेषेवर नाही, त्याचं नाव नोंदवहीत आणि पुढे कारण. ही पद्धत तिनेच घालून दिली होती. मिस्त्रीचं नाव त्या वहीत कधी चढलं नव्हतं. तो नेहमी पहिल्या पाचांत, रेषेवर हात बांधून उभा. ती त्याच्याकडे बघायची नाही, पण तिला बरं वाटायचं.

त्या मंगळवारी दुपारी घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनाची मांडणी चालू होती. कॉफी यंत्रांच्या स्टॉलवरच्या मुलीने पाणी न भरताच यंत्र चालू केलं आणि वर पुसायचं फडकं तसंच राहिलं. काळा धूर छताला लागला आणि भोंगा सुरू झाला. या वेळी तो सराव नव्हता.

जागाताईने रेडिओवर एकामागून एक सूचना दिल्या. वायरमनला त्या रांगेची वीज तोडायला लावली, दोन रक्षकांना लाल सिलिंडर घेऊन स्टॉलकडे धाडलं, अग्निशमन दलाला कळवलं, आणि स्वतः दाराशी उभी राहून माणसं बाहेर काढली. मग रेषेवर मोजणी झाली. आत कामाला धाडलेले सोडले, तर फळीवर अठ्ठेचाळीस बिल्ले, रेषेवर सत्तेचाळीस माणसं.

"कोण राहिलं?"

रक्षकाने फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एकोणीस नंबर, ताई. मिस्त्री."

"नीट बघ. ते पहिले असतात."

"तीनदा पुकारलं."

तिचे पाय दाराकडे वळले आणि थांबले. बाहेर आलेल्या माणसाने पुन्हा आत जायचं नाही, मग आत कोणीही राहिलेलं असो. हा नियमही तिचाच. सत्तेचाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. मोजून दोन मिनिटं ती हातातला रेडिओ घट्ट धरून उभी राहिली. मग रेडिओवर आवाज आला: "विझलं, ताई. नुसतं फडकं होतं. पण पॅनल अजून बंद केलेलं नाही, भोंगा चालू आहे."

ती पळत सुटली.

तिसऱ्या सभागृहात मिस्त्री परांचीवर होता, दाराकडे पाठ करून. पाटीचे स्क्रू पिळत होता आणि स्वतःशीच शीळ घालत होता. भोंगा त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर किंचाळत होता.

"अहो!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला कामावर अशी हाक मारली. शीळ चालूच राहिली. तिने परांचीचा पाइप धरून गदागदा हलवला, तेव्हा त्याने खाली पाहिलं. तिचा चेहरा पाहिला, मग रिकामं सभागृह.

"आज सराव होता?" तो गोंधळून म्हणाला. "पण तू सकाळी ते कापडी बूट घातले नव्हतेस."

तिला क्षणभर कळेना, मग सगळंच कळलं. सरावाच्या दिवशी धावपळ असते म्हणून ती जुने कापडी बूट घालायची. तो सकाळी उंबऱ्याशी तिचे पाय बघायचा, आणि त्या दिवशी उंचावर चढायचाच नाही. तिच्यावर नजर ठेवून दाराजवळ काहीतरी खुडबुड करत बसायचा. माणसं हलली की हाही हलायचा.

संध्याकाळी तिच्या टीचभर खोलीत नोंदवही उघडी होती. तो आत आला आणि दार लावून घेतलं.

"परांचीवरून उतरायला वेळ लागला, असं लिही."

"तुम्ही दीड मिनिटात उतरता. सगळ्यांना माहीत आहे."

"मग पाय मुरगळला म्हण. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत गं माझी. खरं लिहिलंस तर साहेब उद्याच मला खाली उतरवतील."

"कधीपासून?"

"डावा कान जाऊन चार वर्षं झाली. उजवा आत्ता आत्ता. तोंड दिसलं तर कळतं बोललेलं."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

तिने पेन उचललं आणि त्याच्यासमोरच लिहिलं: भोंगा ऐकू येत नाही. कानामागची पेन्सिल काढून त्याने तिच्या टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन साहेबांकडे गेली. भोंग्यांच्या जोडीला उघडझाप करणारे दिवे बसवा, ही मागणी ती तीन वर्षं करत होती. "साहेब, रोज हजारो लोक येतात. ऐकू न येणारे त्यात नसतील का? आपल्या माणसाने ते दाखवून दिलं." आणि वायरमन असो की सुतार, उंचावर कोणी एकट्याने चढायचं नाही, खाली जोडीदार हवा, हेही तिने मांडलं.

साहेबांनी दोन्ही मान्य केलं. मग वही मिटत म्हणाले, "पण दिवे बसले तरी परांचीवर पाठमोऱ्या माणसाला ते दिसणार नाहीत. मिस्त्रींनी आता वर्कशॉपमध्येच काम करावं."

ती वाद घालू शकली असती. पण दुसऱ्या कोणाबद्दल विचारलं असतं, तर तिने हेच सांगितलं असतं. ती "बरं" म्हणाली.

मिस्त्री चार दिवस बोलला नाही. वर्कशॉपमध्ये मान खाली घालून रंधा मारायचा. वायरमन जाऊन जाऊन विनोद करायचा, "मिस्त्री, वर पाल तुमची चौकशी करतेय," तरी हसायचा नाही. घरी ताटावर बसायचा आणि उठायचा. जागाताईने समजूत घातली नाही. आपण बरोबर केलं हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं काय गेलं हेही.

रविवारी सकाळी ती भाजी निवडत बसली होती. त्याने बाहेरची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात आणली, खिडकीच्या उजेडात तिच्या पुढ्यात ठेवली आणि बसला.

"दोन वर्षांत तू काय काय बोललीस?"

"म्हणजे?"

"मी हं हं करत होतो. मला काही कळत नव्हतं. काय काय बोललीस ते सांग."

"अहो, तक्रारीच होत्या."

"मग तक्रारी सांग."

तिने सांगायला घेतलं. मोरीचा नळ गळतो. त्यांच्या आत्याने घर पाहून नाक मुरडलं. मुलीने नोकरी बदलताना आधी बाबांना विचारलं होतं आणि बाबा हं म्हणाले. तो एकेका गोष्टीवर मान हलवत होता, मध्येच "अरेरे" म्हणत होता. आत्याच्या वेळी हसला. मग ती थांबली. शेंगेचं टोक मोडत राहिली.

"तोंड वर कर," तो म्हणाला. "खाली बघितलंस की मला दिसत नाही."

तिने मान वर केली. "मागच्या वर्षी एकदा भांडी पुसत होते. तुमच्याकडे पाठ होती माझी. तेव्हा म्हणाले होते, की मला आताशा भीती वाटते. एवढी माणसं आत असतात, माझ्या दारांच्या भरवशावर. आणि त्यांत तुम्ही."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

त्याने खुर्ची पुढे ओढली, गुडघे गुडघ्यांना लागतील इतकी.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

तिने भाजीची परात बाजूला सरकवली आणि एकेक शब्द सुटा करत, सावकाश सांगायला सुरुवात केली.