पत्र्याखालचं बाळंतपण

माझं शिक्षण दोन यत्ता. तिसरीत मास्तरांनी छडी मारली म्हणून मी पाटी आपटून फोडली आणि परत शाळेची पायरी चढलो नाही. त्यामुळे ऊन कशातून लवकर जातं आणि कशात अडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. कळलं ते घरात कळलं, आणि फार उशिरा कळलं.

आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्यापासून गाडीरस्त्यानं फार लांब नाही. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. घर एकच होतं, मधे भिंत घालून त्याची दोन केली. घर धाब्याचं. म्हणजे लाकडी सऱ्या, त्यावर काड्या, काड्यांवर लिंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर माती. सगळ्यात वर खारी पांढरी माती, पाणी झिरपू नये म्हणून. ही माती दर साल पावसाच्या आधी नव्यानं टाकायची. लहानपणापासून ती पाट्या भरभरून डोक्यावर वाहून माझी मान आखडली होती. त्यात एका पावसाळ्यात माझ्याच बाजूचं धाबं गळलं, आणि मी ठरवलं, आता माती नको, पत्रे टाकायचे.

तेव्हा आमच्या गावात पत्र्याचं एकही घर नव्हतं. नंदुरबारला रेल्वेच्या गोदामावर पत्रे पाहिले होते. पाऊस पडला की त्यावरून पाणी कसं सरळ पागोळीनं खाली येतं, तेही पाहिलं होतं. नंदुरबारहून दोन गाड्या भरून पत्रे आणले. गावात शिरलो तेव्हा लोक ओट्यावरून उठून बघायला आले. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

मोठा भाऊ अंगणात उभा होता. मी वर चढून धाब्यावरची माती खाली ओढायला लागलो तसा तो म्हणाला, "माटी काढू नको. उन्हायामा रडशी."

मी वरून म्हणालो की तुला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. तो घरात गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. भिंत एक, दारं शेजारी शेजारी, मधे दहा पावलं. पण मी ती दहा पावलं टाकली नाहीत.

पावसाळा छान गेला. थेंब आत आला नाही. हिवाळ्यात पहाटे पत्रा असा गार पडायचा की आमच्या श्वासाचं पाणी होऊन वरून टपकायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. आणि फाल्गुनात ऊन लागलं.

त्या वेळी बायको दिवसांत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. रीतीनं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई नव्हती, तिच्या माहेरी दुसरी बाई नव्हती. वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, स्वतःहून म्हणाली की माझ्या आतल्या खोलीत करू, गार आहे. मी नाही म्हणालो. माझं पहिलं लेकरू माझ्या घरात होईल. पत्रे टाकलेल्या घरात.

मुलगा झाला. वैशाख लागला होता.

आता आमच्याकडची बाळंतिणीची रीत सांगायला हवी. खोली बंद करायची, खिडकीला गोधडी लावायची, वारं लागू द्यायचं नाही. बाजेखाली गवरीच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. ओव्याची धुरी द्यायची. लेकराला टोपडं घालून दुपट्यात आवळून गुंडाळायचं. आमची आई, आजी, सगळ्या बायका याच शेकावर उठल्या. पण त्या सगळ्या मातीखाली निजल्या होत्या. धाब्यावर दुपारचं ऊन पडलं की ते मातीत शिरतं, पण पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखं शिरतं. चार बोटं आत जाईपर्यंत दिवस मावळतो. मग रात्री गार हवा त्याला परत वर ओढून घेते. खालच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. पत्र्याला जाडीच नाही. वर ऊन पडलं की खाली उतरलंच. आणि खाली शेगडीचा शेक वर चढतोय, त्याला बाहेर पडायला भोक नाही. वरचं वर, खालचं खाली, आणि मधे बाज.

एवढं साधं. खापरावर मांडा किती सावकाश भाजतो आणि लोखंडी तव्यावर भाकर हां हां म्हणता करपते, हे मी लहानपणापासून पाहत होतो. पण घराकडे मी तसं पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी वहिनी आली. लेकराला हात लावला, वर पाहिलं आणि बाहेर ओट्यावर माझ्यापाशी येऊन उभी राहिली. ओट्यावर आणखी चार माणसं बसली होती. तिनं पदर सावरून हळूच म्हटलं, "भाऊ, तवाखाल कोनी बाळंतीन ठेवस का? तिले मन्हा घर धाडी द्या."

चार माणसांत माझ्या पत्र्याला तवा म्हणाली, तेच मला झोंबलं. मी म्हणालो, "मन्हा घर काय कमी शे?"

ती गेली. संध्याकाळी सुईण आली तिला मी विचारलं. ती म्हणाली, अंग तापलंय म्हणजे वारं लागलंय, शेक वाढवा. आम्ही शेक वाढवला. लेकराला आणखी एक दुपटं गुंडाळलं.

पुढे कितीतरी वर्षांनी नंदुरबार स्टेशनाबाहेर बर्फ विकणारा एक माणूस पाहिला. बर्फाची लादी त्यानं भुशात घालून वरून घोंगडी पांघरली होती. मी हसलो, म्हटलं बाबा, घोंगडीनं तो वितळंल ना. तो म्हणाला की घोंगडीला गरम-गार कळत नाही, आत जे असेल ते ती आत धरते आणि बाहेरचं बाहेर ठेवते. मी तिथून निघालो. माझी गाडी यायची होती, पण मी स्टेशनात न जाता बाजाराच्या बाजूला चालत राहिलो. मला ते दुसरं दुपटं आठवलं. माझ्या हातानं गुंडाळलेलं.

सहाव्या दिवशी सकाळपासून लेकरू दूध ओढेना. रडायचं, पण बारीक. ओठ सुकलेले. दुपारी मी आत डोकावलो तर उंबऱ्यावरच तोंडावर झळ आली. बायको बाजेवर बसलेली, केस कपाळाला चिकटलेले. ती माझ्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मले तठे निजू द्या," म्हणाली. तठे म्हणजे भिंतीपलीकडे.

मला कळत होतं. त्या क्षणी तरी कळत होतं. पण भावाच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, तेही भर दुपारी, गावादेखत, हे मला जमेना. मी म्हणालो, थांब, पत्राच गार करतो.

शिडी लावून वर चढलो. माझा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, विहिरीवरून पाणी आणून घागरी वर द्यायचा आणि मी ओतायचो. पहिली घागर ओतली तेव्हा पत्रा चर्र करून ओरडला, वाफ माझ्या तोंडावर आली. पाणी पागोळीला पोचायच्या आत निम्मं उडून गेलं. तेवढा पट्टा गार व्हायचा, हात टेकवावा इतका, आणि मी दुसरी घागर घेईपर्यंत पुन्हा तापायचा. मी मोजल्या नाहीत, पण सालदार दमला, मी दमलो नाही. तळपायाला फोड आले. मला वाटत होतं, मी माझ्या घरासाठी केवढं करतोय.

मधेच खालचं रडणं थांबलं.

मला बरं वाटलं. म्हटलं, गार झालं, निजलं लेकरू. आता झोप मोडायला नको, पत्रा तापू द्यायचा नाही, म्हणून मी आणखी जोरानं ओतत राहिलो. ऊन कललं तेव्हा खाली उतरलो. वहिनी माझ्या घरात होती, आणि लेकरू तिच्या मांडीवर होतं.

बायका म्हणाल्या, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. मी मान हलवली. मला ते सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी बायको भिंतीपलीकडे गेली आणि सव्वा महिना तिथेच राहिली. मी तिला अडवलं नाही, भावाशी बोललोही नाही. परत आली, पण मी पत्रे काढले नाहीत. काढले असते तर सगळ्या गावाला कळलं असतं की का काढले. पुढच्या दोन्ही मुली वहिनीच्या खोलीत झाल्या. मला कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्या तिघी दुपारी तिकडेच असायच्या, आणि मी माझ्या घरात पत्र्याखाली बसायचो. कुणी म्हणायचं, वय वाढत चाललंय तरी हट्ट जात नाही. मी म्हणायचो, मला गरम होत नाही.

अशाच एका दुपारी बायको तांब्या घेऊन आली. नेहमी ठेवून जायची, त्या दिवशी बसली. जमिनीकडे पाहत म्हणाली, "मी तुमले तीन हाका मार्‍यात. पत्रावर पानी वाजी ऱ्हायनं व्हतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. माझ्यापासून ते तिनं नऊ वर्षं राखून ठेवलं होतं. मला काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही, तेवढी माझी शाळा झालेली नाही. मी तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो नाही, तसाच हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती दहा पावलं चालत गेलो. भाऊ दात घासत होता. त्याचे केस पांढरे झाले होते, मी इतकी वर्षं ते नीट पाहिलेच नव्हते. मी म्हणालो, खारी माती कुठून आणतोस, दोन गाड्या हव्यात. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि बैल जुंपायला गेला.